पाप कोणत्या रात्रीचे?

'संस्कार' या कन्नड चित्रपटाविषयी गेल्या पन्नासहून अधिक वर्षांत जी चर्चा झाली, ती बहुतेक एकाच रात्रीभोवती घोटाळत राहिली आहे. वेदान्तशिरोमणी प्राणेशाचार्य रानातल्या काळोखात चंद्रीच्या स्पर्शाने ढळले, ती ही रात्र. सनातनी म्हणतात, ऋषितुल्य माणसाला चिखलात लोळवले. पुरोगामी म्हणतात, एका कर्मठाची बेडी तुटली. भांडण कितीही मोठे असो, डोळे दोघांचेही रानाकडेच. आम्हाला मात्र त्या घरातील खाटेकडे बोट दाखवायचे आहे.

कथा थोडक्यात अशी. दुर्वासपूर या अग्रहारात नारणप्पा नावाचा ब्राह्मण प्लेगने मरतो. त्याने लग्नाची बायको टाकून कुंदापूरच्या चंद्रीला घरात ठेवलेले, दारू प्यालेली, मांस खाल्लेले, देवळाच्या तळ्यातले मासे धरलेले. त्याला अग्नी कोणी द्यायचा? प्रेत उचलल्यावाचून गावाला अन्न शिवता येत नाही, आणि उचलावे तर बाट लागतो. खर्चासाठी चंद्री अंगावरचे सोने काढून ठेवते, तशी ज्यांना बाटाची धास्ती होती त्यांनाच हाव सुटते. आचार्य पोथ्या धुंडाळतात, मारुतीला कौल लावतात; पोथीही बोलत नाही, देवही बोलत नाही. रिकाम्या हाताने परतताना ती रात्र येते.

यू. आर. अनंतमूर्तींची कादंबरी १९६५ची. पट्टाभिराम रेड्डी यांनी १९७० साली तिच्यावर चित्रपट केला. प्राणेशाचार्य झाले गिरीश कार्नाड, म्हणजे आपल्या माथेरानात जन्मलेले. नारणप्पा झाले पी. लंकेश आणि चंद्री झाल्या दिग्दर्शकाच्या पत्नी स्नेहलता रेड्डी. (याच स्नेहलताबाईंना आणीबाणीत बंगळूरच्या तुरुंगात डांबले गेले. दम्याने खंगून त्या सुटल्या आणि जानेवारी १९७७ मध्ये वारल्या. पडद्यावर शरीराने निर्भय असणे सोपे. या बाई तुरुंगातही निर्भय राहिल्या.) मद्रासच्या सेन्सॉरने जातीय क्षोभाच्या भीतीने चित्रपटावर बंदी घातली. केंद्र सरकारने ती उठवली आणि पुढे त्यालाच राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. तो मान कन्नड चित्रपटाला प्रथमच मिळत होता. बंदी आणि पदक दोन्ही दिल्लीच्या दप्तरात जमा झाली. प्रेक्षक मात्र त्या दोहोंच्या गदारोळात भागीरथीला विसरून गेला.

भागीरथी ही आचार्यांची धर्मपत्नी. लग्नापासून अंथरुणाला खिळलेली. आचार्यांनी तिला पत्करले ते जाणूनबुजून: रुग्ण स्त्रीशी संसार करून निष्काम कर्माची कसोटी द्यावी, देह परिपक्व करावा, मोक्षाची वाट सुकर करावी. वीस वर्षे ते तिला न्हाऊ घालतात, पेज भरवतात, औषध देतात. अवघा अग्रहार कौतुकाने पाहतो. कादंबरीत भागीरथी स्वतःच त्यांना विनवते की, माझ्यापासून तुम्हाला सुख नाही, घरात मूल हवे, दुसरे लग्न करा. ते हसून टाळतात. कसे करतील? दुसरी पत्नी आली की तपश्चर्या संपली! त्या बिचारीचे दुखणे हेच त्यांचे भांडवल होते.

कोणी म्हणेल, सेवा तर केली ना? केली. पण कादंबरीतली पुढची नोंद वाचावी. चंद्रीच्या भेटीनंतर आचार्य घरी येऊन पत्नीला न्हाऊ घालतात, आणि तिचा खंगलेला देह त्यांच्या डोळ्यांना प्रथमच दिसतो व किळस येते. वीस वर्षे ज्या देहाला रोज पाणी घातले, तो दिसलाच नव्हता! ज्या सेवेत समोरचे माणूस दिसत नाही, तिला आम्ही पूजेतली उपकरणे घासण्याहून अधिक मोल देऊ इच्छित नाही. विवाह दोघांचा असतो. इथे एकाने मोक्षाची शिडी उभी केली आणि दुसरीला त्या शिडीची पायरी केले. ही वासना नव्हती असे कोण म्हणेल? पुण्याचीही वासना असते, आणि तिला लाजही वाटत नाही, कारण लोक तिला हार घालतात.

याचा अर्थ आम्ही रानातल्या रात्रीचे समर्थन करतो, असा कोणी काढू नये. तिथेही आचार्यांनी तेच केले. उद्या ब्राह्मणांपुढे सारे सांगायचे. मला धैर्य झाले नाही तर तूच सांग, असे ते चंद्रीला बजावतात. कबुलीचे ओझेसुद्धा दुसऱ्या स्त्रीच्या डोक्यावर! तिने मात्र त्यांच्या नावाला डाग लागू नये म्हणून तोंड मिटले, एका मुसलमान मासळीवाल्याच्या मदतीने रातोरात नारणप्पाला अग्नी दिला आणि ती कुंदापूरला चालती झाली. साऱ्या पंडितांना जे जमले नाही ते दोन बहिष्कृतांनी एका बैलगाडीत उरकले. मग भागीरथीही प्लेगने जाते. तिला अग्नी देऊन आचार्य वाट फुटेल तिकडे चालू लागतात, आणि समीक्षकही त्यांच्यामागोमाग चालू लागतात.

'हा ब्राह्मणांचा चित्रपट, आपल्याला काय त्याचे?' असे आपल्यातही म्हटले जाते. आम्हाला ते सोयीचे बोलणे वाटते. अग्रहार आपल्याकडे नसतील. पण आजारी पत्नीचे नाव निघताच 'किती करतो हो तो तिचे!' असे म्हणून नवऱ्याला पावती देणारे आपल्या प्रत्येक आळीत आहेत. नवऱ्याचे दुखणे काढणाऱ्या बाईला 'क्रूस वाहते आहे' म्हणणारेही आहेत. क्रूस म्हणजे तो अंथरुणावरचा माणूस, आणि हे त्याच्या कानांवर पडते! त्या खोलीत जाऊन त्याला चार शब्द विचारणारे किती?

तरुण मंडळांनी हा चित्रपट अवश्य लावावा. रानातला प्रसंग कापू नये, त्यावर खाकरूही नये. फक्त नंतरच्या चर्चेत पहिला प्रश्न भागीरथीविषयी विचारावा, आणि चंद्रीची पाळी येईपर्यंत वेळ संपला तरी चालेल.