रेघ कधी हलवायची?

मंडळी, कंट्रोल चार्ट ही तशी साधी वस्तू. मधे सरासरीची रेघ, वर-खाली तीन-तीन सिग्मावर एकेक लिमिट. १९२४ साली वॉल्टर शूहार्टने हे काढलं. ठिपका लिमिटबाहेर गेला की समजायचं, काहीतरी बिनसलंय. वाद होतो तो एकाच गोष्टीवरून : या रेघा पुन्हा कधी आखायच्या?

आमच्या धंद्यात याला सोपं उत्तर आहे. सर्व्हर मंदावला, अलार्म सारखा बोंबलतो, तर सरकवा लिमिट वर! अलार्म गप्प. सर्व्हर मात्र तसाच मंद.

आता हेच पावसाला लावून बघा. परभणी जिल्ह्यात पूर्णा-नांदेड रेल्वेमार्गावर चुडावा आहे. तिथला सोयाबीनवाला दरवर्षी ऐकतो, "यंदा पाऊस सरासरीच्या इतके टक्के." पण सरासरी कुठली? देशाच्या मान्सूनची सरासरी १९६१-२०१० वरून ८८०.६ मिमी होती. एप्रिल २०२२ मधे हवामान खात्याने १९७१-२०२० धरून ती ८६८.६ केली. समजा, देशात ८४० मिमी पाऊस झाला. जुन्या हिशेबात ९५ टक्के, म्हणजे सामान्यापेक्षा कमी. नव्या हिशेबात ९७, म्हणजे सामान्य! थेंब तेवढेच. जिल्ह्याच्या सरासरीलाही हाच न्याय.

यात लबाडी नाही, रीतच आहे तशी. पण कॅलेंडर उलटलं म्हणून रेघ हलवणं मला पटत नाही. तीन प्रश्न विचारावेत. बदल खरंच झालाय का? कारण कळलंय का? तो टिकणार आहे का? तिन्हींना 'हो' असेल तरच नवी रेघ. इथे खात्यानेच ही घट कोरड्या-ओल्या दशकांच्या नैसर्गिक चक्रातली म्हणून सांगितली. मग तिसऱ्याला 'हो' कसं म्हणायचं?

बरं, रेघ कायमची गोठवावी, तर आजोबांच्या काळातल्या पावसावर आजच्या पेरणीचा बेत होत नाही. जागतिक हवामान संघटनेने २०१५ साली यातून वाट काढली : ३० वर्षांची सरासरी दर १० वर्षांनी नवी करायची, पण दीर्घकालीन बदल मोजायला १९६१-९० ची जुनी रेघ राखायची.

माझंही मत तेच. दोन्ही रेघा छापा. नवी सांगते, यंदा काय धरून चालायचं. जुनी सांगते, आपण कुठून कुठे आलो. एकच ठेवली, की दर दहा वर्षांनी थोडा थोडा दुष्काळ 'सामान्य' होत जाईल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही.