निंबोळी दारात, अर्क दुकानात

अल्लीपूर (जि. वर्धा) : हिंगणघाट तालुक्याच्या या कापूसपट्ट्यात कडुनिंबाचे अप्रूप कोणाला नाही. जून-जुलैत झाडांखाली निंबोळ्यांचा सडा पडतो आणि पावसात कुजून जातो. पुढे कपाशीवर मावा-तुडतुडे दिसू लागले की त्याच बियांतील द्रव्य बाटलीबंद स्वरूपात विकत आणले जाते. ही विसंगती केवळ आळसातून आलेली नाही.

निंबोळीच्या मगजात ३० ते ५० टक्के तेल असते. मात्र कीडनियंत्रणाचे मुख्य काम करते ते अझाडिरॅक्टिन हे संयुग. १९६८ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी ते वेगळे केले. त्याची रचना इतकी क्लिष्ट, की प्रयोगशाळेत ते घडविण्यास २००७ साल उजाडले. त्यामुळे आजही त्याचा खरा कारखाना झाडच आहे. हे द्रव्य किडीला तत्काळ मारत नाही. तिचे खाणे थांबवते, कात टाकण्याची क्रिया बिघडवते. झटपट परिणामाची सवय झालेल्या शेतकऱ्याला ते म्हणूनच निष्प्रभ वाटते.

कडुनिंबाच्या तेलावरील बुरशीनाशकाचे युरोपातील पेटंट भारतीयांच्या आक्षेपानंतर २००० मध्ये रद्द झाले. २००५ मध्ये त्याविरुद्धचे अपीलही फेटाळले गेले. हक्क राखला गेला, वापर मात्र वाढला नाही.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. निंबोळी वेचण्याचा हंगाम आणि पेरणी-डवरणीची घाई एकाच वेळी येते. मजूर मिळत नाहीत. ओली निंबोळी साठवली की बुरशी धरते, उन्हात वाळवली की अझाडिरॅक्टिनचा ऱ्हास होतो. ती सावलीतच वाळवावी लागते. पाच टक्के अर्काची कृती सोपी आहे : पाच किलो निंबोळीचूर्ण रात्रभर पाण्यात भिजवायचे, सकाळी गाळून, थोडा साबणचुरा मिसळून १०० लिटर द्रावण करायचे व सायंकाळी फवारायचे. पण कपाशीला अर्क लागेपर्यंत घरात निंबोळीच उरलेली नसते.

शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये विषारी फवारणीने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण घेतले. निंबोळी अर्क हा प्रत्येक रासायनिक औषधाला पर्याय नव्हे; बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीपुढे तो हतबल ठरतो. परंतु हंगामाच्या प्रारंभीच्या एक-दोन विषारी फवारण्या त्याने टळल्या, तरी फवारणाऱ्याचा धोका तितका कमी होतो. त्यासाठी गावपातळीवर रोख निंबोळी खरेदी, वाळवणीची शेड आणि दळणयंत्र एवढे हवे. प्रचारपत्रके पुरेशी झाली. आता पावसाआधी शेड उभी राहते का, हाच प्रश्न आहे.