रिटायर झाल्यावर करू!

मंडळी, काही वाक्यं खोटी आहेत हे सगळ्यांना माहीत असतं, तरी बोलणाऱ्याला कोणी अडवत नाही. "निघालोच, पाच मिनिटांत पोचतो" हे एक. जुन्या गाडीवर ताडपत्री ओढताना म्हटलेलं "रिटायर झालो की करायला घेणार" हे दुसरं. पहिल्यात समोरच्याचा अर्धा तास जातो. दुसऱ्यात एक चांगली गाडी जाते.

आमच्या कात्रजला पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. टायर बसलेली पद्मिनी, सीट फाटलेली येझदी, हँडलला वेल चढलेली लूना... सगळ्यांचे मालक "लवकरच" सुरू करणार आहेत. माझ्याकडेही चार आहेत : ८६ची पद्मिनी, ८९ची चेतक, एक येझदी आणि एक लूना. निवृत्तीला तीन वर्षं आहेत. तीन विकणार, एक ठेवणार. हे जाहीर केल्यापासून मित्र माझ्याकडे खाटकाकडे बघावं तसे बघतायत. हा लेख त्यांच्यासाठी. आणि पहिल्या पगारवाढीत "प्रोजेक्ट" म्हणून जुनी बाइक घेऊन ठेवणाऱ्या तुमच्यासाठीही.

त्यांचा पहिला मुद्दा : निवृत्तीनंतर वेळच वेळ असतो. असेल की! पण गाडी काय नुसत्या वेळेवर दुरुस्त होते? किक मारायला गुडघा लागतो, पॉइंट सेट करायला नजर लागते. आणि मुख्य म्हणजे मिस्त्री लागतो. कार्बोरेटर नुसत्या आवाजावरून लावणारा तुमचा मिस्त्री तुमच्यापेक्षा वयाने मोठा आहे, राव. तो तुमच्या आधी रिटायर होणार. आमच्या धंद्यात दहा वर्षं उघड्या राहिलेल्या तिकिटाला कोणी काम म्हणत नाही. ती इच्छा असते.

सुट्या भागांचंही तेच. मुंबईत पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर त्या भागांना रोजचं गिऱ्हाईक होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. आता ते भाग कोण कुणासाठी बनवणार? गाड्या चालत्या असतात म्हणून भाग मिळतात आणि हात शिकतात. ताडपत्रीखालच्या गाडीमुळे कुठल्याच दुकानदाराचं पोट भरत नाही.

दुसरा मुद्दा : "थांब रे, व्हिंटेज होईल, भाव येईल." हिशोब करू. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झाली आणि गाडी मूळ रूपात असली, तर ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. माझी पद्मिनी तिथे २०३६ मध्ये पोचणार. तेव्हा मी सत्तरीच्या दारात! बरं, तशी नोंदवली की ती प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती असल्या कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. म्हणजे आयुष्यभर जपलेल्या गाडीतून मंडईत जाऊन मेथीची जुडीही आणायची नाही.

आणि तोवर? घाटाकडून येणारा पाऊस आणि खालून ओल. ताडपत्री ओल आत कोंडते आणि पत्रा खालून जातो. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं. उभ्या गाडीची टाकी आणि जुने रबरी पाइप त्याने आधी जातात. कागदांचा खर्च वेगळाच. पंधरा वर्षांवरच्या चारचाकीच्या फेरनोंदणीची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला १०,००० झाली. हे सगळं न हलणाऱ्या गाडीसाठी.

तिसरा मुद्दा सगळ्यात हळवा : "बाबांची चेतक आहे रे." मान्य. १९७२ साली आकुर्डीहून निघालेल्या या स्कूटरसाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले. पण कशासाठी? चालवायला! पुढे एक पोर उभं, मागे आई, तिच्या मांडीवर दुसरं, आणि हुकाला पिशवी. त्या माणसांनी गाडीला देव्हाऱ्यात बसवलं नव्हतं. वस्तू गंजू द्यायची आणि तिला आठवण म्हणायचं, ही आपली पिढी शिकली.

मग ठेवायची कुठली? मी तीनच प्रश्न विचारले. गेल्या दोन वर्षांत हिच्यावर प्रत्यक्ष किती रविवार घालवले? मिस्त्री नसला तर मी हिचं किती काम स्वतः करू शकतो? आणि उद्या मी नसलो तर घरच्यांना ही ठेव वाटेल की डोकेदुखी? तिन्हीत पास झाली ती चेतक. बाबांची म्हणून नव्हे. तिची केबल, प्लग, क्लच प्लेट मी स्वतः बदलतो, आणि ती आजही जुना घाट चढते. (आधी तिरकी करावी लागते, मग किक. जाणकारांना सांगायला नको. :))

बाकीच्या तीन ज्याच्या हाताला आजच ग्रीस लागलेलं आहे त्याला, दोन पैसे कमी घेऊन. फक्त फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदललंय ना, हे बघूनच किल्ली सोडायची. आरसीवर नाव तुमचं राहिलं तर उद्याच्या अपघाताची जबाबदारीही तुमच्याकडे येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच सांगितलंय. आणि आरसीवर अजून वडिलांचंच नाव असेल आणि ते हयात नसतील, तर आधी फॉर्म ३१. हे काम मुलांवर टाकून जाऊ नका. त्यांना त्या गाडीचा आवाजसुद्धा माहीत नसतो.

गाडी विकणारा निर्दय नसतो हो. एका जागी उभी करून तिला वीस पावसाळे दाखवणारा असतो. पुढचा पावसाळा येण्याआधी ताडपत्री काढा आणि ठरवा.