एआयला चूक सुधारायला शिकवणारं गणित नेमकं कोणाचं?

2024 चं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन हॉपफिल्ड आणि जेफ्री हिंटन यांना जाहीर झालं आणि श्रेयाचा जुना वाद पुन्हा पेटला. आक्षेप घेणाऱ्यांत संगणकशास्त्रज्ञ युर्गेन श्मिडहुबर पुढे होते. वादातला एक मोठा मुद्दा आहे ‘ऑटोमॅटिक डिफरन्सिएशन’.

एआय मॉडेलमध्ये अब्जावधी आकडे असतात. उत्तर चुकलं तर कोणता आकडा किती बदलायचा? एकेक हलवून पाहायचा तर प्रोग्राम अब्जावधी वेळा चालवावा लागेल. पण कितीही मोठा प्रोग्राम शेवटी बेरीज, गुणाकार अशा छोट्या पायऱ्यांचाच असतो आणि प्रत्येक पायरीचा बदलाचा दर काढता येतो. उत्तराकडून मागे येत हे दर जोडत गेलं, की एकाच उलट फेरीत सगळ्या आकड्यांचा हिशेब लागतो. फक्त मधली उत्तरं जपून ठेवायला मेमरी भरपूर लागते.

ही उलट फेरी 1970 मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या सेप्पो लिन्नैनमा या विद्यार्थ्याने मास्टर्सच्या प्रबंधात मांडली. तीही फिनिश भाषेत, आणि विषय होता आकडेमोडीत साचत जाणारी राउंडिंगची चूक! न्यूरल नेटवर्कसाठी ती किती कामाची, हे रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांनी 1986 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं आणि गाजलं ते हेच काम.

मूळ शोध आपला, असा दावा हिंटनही करत नाहीत. नोबेल समितीचा भरही त्यांच्या ‘बोल्ट्झमन मशीन’वर होता. त्यामुळे ‘दुसऱ्याच्या शोधाला नोबेल’ हा आरोप ताणलेला वाटतो. पण पायटॉर्चमध्ये ‘बॅकवर्ड’ ही एक ओळ लिहिली की आजही चालते ती लिन्नैनमांनी मांडलेली उलट फेरीच.