साथीची वर्दी आणि तिचें मोल

वर्गांतील एखाद्या मुलाच्या अंगावर कांजिण्या उठल्या आणि त्यानें आपण होऊन गुरुजींस तसें सांगितलें, तर त्यास कांहीं दिवस घरीं बसावें लागतें. त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. परंतु त्याच दिवशीं साऱ्या आळीनें त्याच्या घरावरून जाणें सोडलें, त्याच्या वडिलांच्या दुकानांतून जिन्नस घेणें बंद केलें, तर पुढच्या खेपेस कोणता मुलगा आपला सदरा वर करून पुरळ दाखवील? ही गोष्ट आमच्या बालवाचकांस चटकन उमजेल. जगांतील राष्ट्रांस मात्र ती दीडशेंहून अधिक वर्षांत उमजलेली नाहीं, असें आम्हांस खेदानें म्हणावें लागतें.

साथीच्या रोगांचा विचार करण्यासाठीं राष्ट्रांची पहिली परिषद १८५१ सालीं पॅरिस येथें भरली. बारा राष्ट्रें जमलीं. पटकीचें भय तेव्हां सर्वत्र होतें; पण जहाज क्वारंटाईनमध्यें अडकलें कीं त्यांतील मालही अडकतो, ही काळजीही तितकीच मोठी होती. तेव्हांपासून आरोग्याच्या प्रत्येक परिषदेंत व्यापार हा न बोलावलेला पाहुणा म्हणून कोपऱ्यांत बसलेला असतोच.

ह्या इतिहासांत आपल्या मुंबईचेंही एक पान आहे. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांतील रोगी तपासून डॉ. अकासियो व्हिएगस ह्या गोमंतकीय डॉक्टरांनीं हा गांठीचा प्लेग आहे, असें निदान केलें. पुढें इतर तज्ज्ञांनीं तें खरें ठरविलें. युरोपांत घबराट उडाली आणि १८९७ च्या आरंभीं व्हेनिस येथें मुंबईच्या प्लेगासाठींच राष्ट्रांची परिषद भरली. मुंबईहून हाजला जाणाऱ्या यात्रेकरूंचीं जहाजें बंद झालीं. त्या परिषदेंत हिंदुस्थानच्या नांवानें बोलले ते इंग्रज सरकारचे प्रतिनिधि. ज्यांच्या घरांत रोगी होते, त्यांस कोणी विचारलें नाहीं. आणि नवल असें कीं, जिला जग टाळूं पाहत होतें त्याच मुंबईंत, ग्रँट मेडिकल कॉलेजाच्या एका खोलींत, डॉ. हाफकीन यांनीं प्लेगाची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली.

ह्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनीं, १९९४ च्या सप्टेंबरांत, सुरतेस प्लेगाची वर्दी उठली. मृत्यूंची संख्या साठाच्या आंत राहिली. पण जागतिक आरोग्य संघटनेचा तसा सल्ला नसतांनाही अनेक देशांनीं भारताशीं चालणारीं विमानें थांबविलीं, कित्येकांनीं माल अडविला. झालेलें नुकसान कोणी भरून दिलें नाहीं, आणि कां अडविलें याचा जाबही कोणास द्यावा लागला नाहीं.

हा अन्याय राष्ट्रांच्या लक्षांत आलाच नाहीं, असें म्हणतां येणार नाहीं. २००५ सालीं आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम नव्यानें घडविण्यांत आले. गंभीर साथीचा संशय पक्का झाला कीं चोवीस तासांत संघटनेस कळवावें, असें त्यांत आहे. आणि जें राष्ट्र संघटनेच्या सल्ल्यापलीकडे जाऊन प्रवास वा व्यापार लक्षणीय रीतीनें रोखील, त्यानें अठ्ठेचाळीस तासांत आपलीं कारणें लेखी कळवावीं, असेंही आहे. नियम उत्तम आहेत. उणीव एवढीच कीं, ते मोडणाऱ्यास कसलेंही प्रायश्चित्त नाहीं.

याचा प्रत्यय नोव्हेंबर २०२१ मध्यें आला. कोविडचा एक नवा प्रकार दक्षिण आफ्रिका व बोट्स्वाना येथील संशोधकांच्या नजरेस आला. दक्षिण आफ्रिकेनें कांहींही हातचें न राखतां २४ तारखेस तें संघटनेस कळविलें. २६ तारखेस त्यास ओमिक्रॉन हें नांव मिळालें. तोंवर श्रीमंत देशांचीं दारें आफ्रिकेच्या दक्षिण भागांतील प्रवाशांस धडाधड बंद होऊं लागलीं होतीं. पुढें उघडकीस आलें कीं नेदरलँड्समध्यें १९ व २३ तारखेस घेतलेल्या नमुन्यांतही तोच विषाणु होता. म्हणजे चोर घरांत आधींच शिरलेला, आणि कडी लावली ती आरोळी देणाऱ्या शेजाऱ्याच्या तोंडावर! कुशल तपासणी केल्याबद्दल आम्हांस शिक्षा होत आहे, अशी तक्रार दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनें उघडपणें केली. ती आम्हांस सर्वस्वीं रास्त वाटते. प्रवाशांची तपासणी करणें वेगळें, आणि देशास वाळींत टाकणें वेगळें.

ह्या प्रश्नास दुसरीही बाजू आहे. २००७ सालीं इंडोनेशियानें आपल्याकडील बर्ड फ्लूचे नमुने संघटनेस देण्याचें थांबविलें. आमचे विषाणु न्यावयाचे, त्यांपासून लस करावयाची, आणि ती आम्हांसच परवडूं नये, हें कसें, असा त्यांचा सवाल होता. त्या हट्टाचें आम्ही समर्थन करीत नाहीं; पण त्याच्या मुळाशीं असलेल्या सवालाचें उत्तर टाळणेंही योग्य नव्हे.

आणि येथें आमची लेखणी क्षणभर अडखळते. गरीब राष्ट्रांस लस पोंचविण्यासाठीं निघालेल्या कोव्हॅक्स योजनेचा पहिला साठा २४ फेब्रुवारी २०२१ रोजीं घाना देशांत उतरला; ते सहा लक्ष डोस आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्यें तयार झालेले होते. पुढच्याच महिन्यांत आपल्याकडे दुसरी लाट उसळली आणि ही निर्यात जवळजवळ थांबली; कोव्हॅक्ससाठीं ती नोव्हेंबरांत पुन्हां सुरू झाली. त्या दिवसांत महाराष्ट्रांतील इस्पितळांत खाट मिळण्याची मारामार होती. आपलें घर जळत असतां शेजाऱ्यास पाणी कां दिलें नाहीं, असें विचारणें निष्ठुरपणाचें होईल. परंतु आफ्रिकेंतील कित्येक देश त्याच एका कारखान्यावर विसंबले होते, हेंही आपण विसरूं नये. दोष केवळ दूरच्यांचा असतो, असें मुलांस शिकविण्याची आमची इच्छा नाहीं.

२० मे २०२५ रोजीं जागतिक आरोग्य परिषदेनें महासाथीविषयींचा करार मान्य केला. आदल्या दिवशीं समितींत १२४ राष्ट्रें अनुकूल होतीं, विरुद्ध एकही नव्हतें, अकरा तटस्थ राहिलीं. संघटनेस सर्वाधिक द्रव्य पुरविणाऱ्यांत ज्याची गणना होई, त्या अमेरिकेनें त्याच वर्षाच्या जानेवारींत संघटना सोडण्याचें जाहीर केलें होतें. विषाणु देणाऱ्यास लस कशी व किती मिळावी, हा खरा गुंता करारांत न सोडवितां वेगळ्या परिशिष्टाकडे सोंपविला गेला. कोणत्याही देशास आपले कायदे बदलण्याचा हुकूम संघटना करूं शकणार नाहीं, असेंही त्यांत स्पष्ट लिहिलें आहे. सार्वभौमत्वाची ही चिंता आम्ही समजूं शकतों; ज्यांनीं परक्यांच्या हुकमतीखालीं प्लेगाच्या घरझडत्या सोसल्या, त्यांच्या नातवंडांस ती विशेष समजते.

परंतु जाब घेणें म्हणजे हुकूम करणें नव्हे. २००५ च्या नियमांत २०२४ सालीं दुरुस्ती होऊन त्यांच्या अंमलबजावणीसाठीं राष्ट्रांची एक समिति ठरली. ती कोणास शिक्षा करणार नाहीं, असें तेथेंच नमूद आहे. शिक्षा नसो. त्या समितीनें निदान एवढें करावें कीं, दारें बंद करणाऱ्या प्रत्येक राष्ट्राकडून अठ्ठेचाळीस तासांचें तें लेखी कारण मागावें, तें सर्व जगास वाचावयास उघडें ठेवावें, आणि ज्यानें प्रथम वर्दी दिली त्याचें नुकसान भरून देण्यासाठीं एक निधि उभारावा. सुरतेस असा निधि मिळाला नाहीं, दक्षिण आफ्रिकेसही नाहीं.