मल्टिमोडल म्हणजे काय रे भाऊ?

मिहानचा फुल फॉर्म आठवतो का? मल्टिमोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट ॲट नागपूर. पहिलाच शब्द मल्टिमोडल. म्हणजे विमान, रेल्वे, रस्ता सगळं एकमेकांना जोडलेलं. यासाठी २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी उभी राहिली. शिवणगाव, तेल्हारा, कलकुही, दहेगावच्या लोकांच्या जमिनी गेल्या. आणि आज विमानातून उतरलेला माणूस बाहेर येऊन "भाऊ, बर्डीची बस कुठून मिळते?" असं विचारतो, तेव्हा समोरचा आधी त्याच्याकडे बघतो, मग त्याच्या बॅगेकडे, आणि हसतो.

हे माझ्या डोळ्यांसमोर झालंय. रात्रीचे साडेदहा. माझ्या पुढे साठीच्या एक काकू, पुण्याहून लेकीकडून आलेल्या, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेल्या. रात्र महालात भावाकडे काढून सकाळी उमरेडची एसटी धरायची होती. मोबाइल साधा, कॅबचं ॲप नाही. बाहेर एकानं सहाशे सांगितले. काकू म्हणाल्या, "विमानाचं तिकीट पोरीनं काढलं होतं, हे सहाशे माझे चाललेत." मी त्यांना माझ्या गाडीत घेतलं. पण शहराची वाहतूक अशी अनोळखी लोकांच्या भलेपणावर चालते का राजेहो?

आता कमेंटमध्ये येईलच, "मेट्रो आहे ना!" आहे. ७ मार्च २०१९ ला खापरी-सीताबर्डी मार्ग सुरू झाला, मी स्वतः त्या मेट्रोनं फिरतो आणि ती चांगली आहे. पण 'एअरपोर्ट' नावाचं स्टेशन आहे वर्धा रोडवर, आणि टर्मिनल आहे आत. दोन बॅगा, कडेवर लेकरू आणि मे महिन्यातलं पंचेचाळीस डिग्रीचं ऊन घेऊन ते अंतर एकदा चालून बघा. रात्री मेट्रो दहाच्या सुमारास आटोपते, विमानं तिचं टाइमटेबल बघून उतरत नाहीत. फीडर बस हा उपाय कागदावर छान दिसतो. पण आधी फीडर, मग मेट्रो, मग पुन्हा ऑटो अशी तीनदा चढ-उतार सामानवाला माणूस करत नाही. तो मुकाट्यानं टॅक्सीत बसतो.

दुसरा ठेवणीतला युक्तिवाद: "विमानाचे पैसे आहेत, टॅक्सीचे नाहीत?" २०१७ ला उडान योजना सुरू करताना हवाई चप्पलवालाही विमानात दिसला पाहिजे, असं सांगितलं गेलं होतं ना? मग तोच माणूस विमानातून उतरला की लगेच श्रीमंत होतो का?

आणि बस काय फक्त प्रवाशांसाठी असते? टर्मिनल झाडणारी बाई, सामान चढवणारी पोरं, सिक्युरिटीवाले, मिहानमधल्या आयटी कंपन्यांत काम करणारे, तिथल्या कँटीनमध्ये भांडी घासणारे. एम्सही मिहानमध्येच आहे. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळहून पेशंट तिथे येतात, सोबत फायलींची पिशवी आणि एक नातेवाईक. यांच्यापैकी कुणाच्या खिशाला रोजची कॅब परवडते?

दुसरीकडे जमतं. बेंगळुरूचं नवं विमानतळ २००८ ला सुरू झालं, तेव्हापासून तिथल्या वायुवज्र बस धावतात. सामानाला जागा असते, भरवशानं मिळतात, सुटाबुटातले लोकही त्यात बसतात. गोव्यात मोपाचं विमानतळ जानेवारी २०२३ ला सुरू झालं, तिथून कदंबची बस मिळते. पुण्यात पीएमपी लोहगावहून बस सोडते. आपण मात्र २०१४ मध्ये देशातली पहिली इथेनॉल बस आणली, फोटो काढले, आणि काही वर्षांत ती बंद पडली. वर्धा रोडवर ३.१४ किलोमीटरचा डबलडेकर पूल बांधला, गिनीजमध्ये नाव लागलं. अभिमान आहेच. पण त्या पुलाखालून आमच्या काकूंना घरी नेणारी बस कुठाय?

खरी अडचण पैशांची नाही, मालकीची आहे. बस महापालिकेची, मेट्रो महामेट्रोची, मिहान विमानतळ विकास कंपनीचं, टर्मिनल चालवणारे आणखी वेगळे. चार घरचा पाहुणा उपाशी, तशी गत. "बस रिकामी धावते" हे कारणही पुढे केलं जाईल. विमान येऊन गेल्यावर बस आली तर ती रिकामीच धावणार!

म्हणून मागणी मोठी नाही:
१. थांबा टर्मिनलच्या दारात, वर्धा रोडवर नव्हे.
२. वेळापत्रक विमानांवरून, पहिल्यापासून शेवटच्या विमानापर्यंत.
३. एक मार्ग छत्रपती चौक, अजनी, मोरभवन, रेल्वे स्टेशन, गणेशपेठ. दुसरा एम्स, मिहान, खापरी.
४. बस आणि मेट्रोला एकच तिकीट.

यासाठी नवा पूल बांधायचा नाही, कुणाची जमीन घ्यायची नाही. चार खात्यांनी एका टेबलाशी बसायचंय. पोस्ट शेअर कराच, पण त्याआधी तुमच्या भागातले लोकप्रतिनिधी भेटले की एवढंच विचारा: "साहेब, विमानतळाहून बसनं घरी शेवटचे कधी आलात?"