फळ्यावरचा शब्द आणि उसाचा फड

ऑगस्ट उजाडला, की बीड जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत वाङ्मय मंडळांच्या उद्घाटनांची धांदल सुरू होते. इंग्रजी विभागही त्यात मागे नसतो. बाहेरगावचे पाहुणे येतात, प्रतिमेला हार पडतो, भित्तिपत्रकाची फीत कापली जाते. प्रास्ताविक इंग्रजीत, पाहुण्यांचे भाषण निम्मे इंग्रजीत निम्मे मराठीत आणि आभार मात्र स्वच्छ मराठीत. दुसऱ्या दिवशी गावच्या वृत्तपत्रात चार ओळींची बातमी येते. पुढे शब्दसंपदा स्पर्धा, वक्तृत्व, संभाषण वर्ग अशा आणखी तीन-चार बातम्या होतात. त्यांची छायाचित्रे 'नॅक'च्या फायलीत लागतात आणि वर्ष संपते.

या बातम्यांना कुणी हसू नये. तांड्यावरून किंवा वस्तीवरून आलेली मुलगी शंभर डोळ्यांसमोर उभी राहून इंग्रजीची चार वाक्ये बोलते, ही लहान गोष्ट नव्हे. प्रश्न वेगळाच आहे. त्या सभागृहात मागच्या बाकांवर बसलेली मुले दिवाळीनंतर कुठे असतात?

बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळी आटोपली, की गावेच्या गावे पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडण्यासाठी मार्च-एप्रिलपर्यंत फडात राबावे लागते. त्या घरातले कॉलेजात जाणारे पोर कधी कोयत्याला हात लावायला जाते, कधी धाकट्या भावंडांना आणि म्हाताऱ्यांना सांभाळायला घरी राहते. शेक्सपिअर जयंती असते २३ एप्रिलला. त्याच सुमारास फडावरून माणसे परतत असतात. वर्गात काय शिकवून झाले, हे परत आलेल्या मुलाला कोण सांगणार? गणित, इतिहास एखादे वेळी वाचून निभावतो. भाषा मात्र कानांवर पडावी लागते, जिभेवर घोळावी लागते. म्हणूनच आपल्याकडे 'इंग्रजी राहिलं' हे दोन शब्द घराघरांत ठाऊक आहेत.

याला इतिहासही आहे. मुंबई-पुण्याकडे एकोणिसाव्या शतकातच इंग्रजी शिक्षण रुजले. आगरकरांनी हॅम्लेटचे मराठी रूप १८८३ मध्ये 'विकारविलसित' या नावाने आणले. तेव्हा आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. आपल्या आजोबांना मराठीसाठीच झगडावे लागले, इंग्रजी तर पुढची गोष्ट. अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत. १९३० च्या दशकात स्वामी रामानंद तीर्थ तिथल्या शाळेत शिकवीत होते. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केले आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले. म्हणजे आपल्या इंग्रजी विभागांमागे दीडशे वर्षांची शिदोरी नाही. फार तर दोन-तीन पिढ्यांची आहे. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले खरे, पण पहिलीतले ते पोरही ऐन हंगामात आईबापाबरोबर फडावर गेले, तर पुस्तकाचा उपयोग काय?

मग इंग्रजी विभागाने करावे तरी काय? पहिली गोष्ट म्हणजे वेळापत्रक. जे सांगायचे त्यातले मुख्य ते दिवाळीच्या आत शिकवावे आणि परतलेल्या मुलांसाठी उन्हाळ्यात महिनाभर वेगळे वर्ग घ्यावेत. दुसरी गोष्ट, मराठीची लाज सोडावी. अर्ज, पावती, बँकेचा कागद, औषधाच्या पाकिटावरची सूचना हे इंग्रजी ज्याच्या घरात रोज अडते, त्याला तिथूनच शिकवावे. बापाच्या उचलीचा हिशेब ज्याला इंग्रजीत मांडता आला, तो पुढे कविताही वाचील. तिसरी गोष्ट, आईवडील फडावर गेलेल्या मुलांसाठी गावोगाव हंगामी वसतिगृहे चालवली जातात. इंग्रजी विशेष विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांनी रविवारी तिथे जाऊन गोष्टी सांगाव्यात. शिकवताना माणूस स्वतःच अधिक शिकतो.

मराठीचा हात धरला, तर इंग्रजी कच्चे राहील अशी भीती काहींना वाटते. ती खोटी आहे. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि त्यांनीच 'राजा लिअर' मराठीत आणला. भालचंद्र नेमाडे यांनी औरंगाबादला विद्यापीठात इंग्रजी शिकवले आणि कादंबऱ्या मराठीत लिहिल्या. दोघांनाही ज्ञानपीठ मिळाले ते मराठी लेखनासाठी. एका भाषेत पाय घट्ट रोवला, की दुसरीकडे हात लांबवता येतो.

घरच्या मंडळींनाही थोडे सांगावेसे वाटते. पोरगी मोठ्याने इंग्रजी वाचू लागली, की 'मडमीण झाली' म्हणून हसू नका. तुम्हाला कळत नसले तरी पाच मिनिटे बसून ऐका. ऐकणारा कुणी असला, की अडखळणारी जीभही सुटते.

अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे, दासोपंतांचीही आहे. मुकुंदराजांनी संस्कृतातला वेदान्त मराठीत आणला. दासोपंतांनी तर कापडाच्या पासोडीवर ग्रंथ लिहिला. मूठभरांच्या भाषेत अडकलेले ज्ञान सर्वांच्या अंगणात आणायचे, हे काम या भूमीला नवे नाही. आजची मूठभरांची भाषा इंग्रजी आहे, एवढाच फरक.

तेव्हा यंदाच्या उद्घाटनाच्या बातमीत पाहुण्यांची नावे जरूर असावीत. पण वर्ष संपताना आणखी एक ओळ छापून यावी : पहिल्या वर्षाला बसलेल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांपैकी किती जण तिसऱ्या वर्षापर्यंत टिकले? त्या एका आकड्यावरून विभागाने काय केले ते कळेल. बाकीची छायाचित्रे मग फायलीत लावली तरी चालतील.